इंजिन गार होईपर्यंत

१

टॅपेट बघायचे तर इंजिन गार हवं. हर्षालीच्या दुरुस्तीशाळेत नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगितलं जाई. गाडी संध्याकाळी शेडमध्ये आणून लावायची, रात्रभर निवू द्यायची, आणि सकाळी पत्र्याला ऊन लागायच्या आत हेडवरची दोन झाकणं उघडायची. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा टॅपेट यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. धातू तापला की फुगतो, मग त्या फटीचं माप खरं येत नाही.

"गरम इंजिन काहीही सांगतं," ती म्हणायची. "आपण गार झाल्यावर विचारायचं."

चाकण एमआयडीसीच्या कुंपणाला लागून त्यांच्या घरची जमिनीची एक शेवटची पट्टी उरली होती. ऑस्ट्रियात शिकून आलेल्या हर्षालीनं कंपनीतली नोकरी न घेता त्या पट्टीवर पत्र्याची शेड ठोकली, तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं. तिचं म्हणणं साधं होतं. ज्यांच्या हातून या पट्ट्यात रोज ढिगानं सुटे भाग तयार होतात, त्यांना स्वतःच्या गाडीचं झाकण उघडायची भीती वाटता कामा नये. शिफ्ट सुटली की माणसं यायची. बायकाही यायच्या. काळेवाडीत गॅरेज असलेला किसन हौसेनं शिकवायला यायचा आणि शिकवण्यापेक्षा टवाळी जास्त करायचा.

शेडच्या टोकाला ज्ञानेशची गाडी उभी होती. ज्ञानेश तिचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात, इंद्रायणी दुथडी भरलेली असताना, तो पहिल्या शिफ्टला म्हणून घरातून निघाला आणि कंपनीत पोचलाच नाही. गाडी आळंदीच्या घाटावर सापडली. स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. नदी शोधून झाली, नातेवाईक शोधून झाले. काही हाती लागलं नाही. पोलिसांनी शेवटी गाडी घरी आणून दिली.

दिवाळी होऊन थंडी पडली, तसं हर्षालीनं ठरवलं की गाडीची पूर्ण सर्व्हिस करायची. तो आला की त्याला गाडी तयार मिळाली पाहिजे. येणार का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारायचाच नाही असं ठरवलं होतं.

त्या सकाळी ती पाने, पुसायचं फडकं आणि चहाचा कप घेऊन गाडीपाशी बसली आणि सवयीनं हेडवर तळवा ठेवला.

हेड कोमट होतं.

"किसनभाऊ, ज्ञानेशची गाडी कुणी काढली होती का?"

"कोण काढणार ताई? दोन्ही चाकं बसलीत तिची." किसन हसत आला, त्यानं हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग पुन्हा लावला. "आयला! हिला कणकण आलीय. तुमच्या ऑस्ट्रियात अशा वेळी काय करतात? गाडीला गोळी देतात का काढा?"

हर्षाली हसली. झाकणं न उघडताच उठली. नियम म्हणजे नियम. उद्या बघू, म्हणाली.

२

दुसऱ्या दिवशीही इंजिन कोमट होतं.

कारण असणारच, आणि ते शोधलं की सापडतं, यावर हर्षालीचा विश्वास होता. पलीकडच्या फोर्जिंगवाल्यांच्या भट्टीची धग भिंतीतून येत असेल, म्हणून तिनं गाडी ढकलत दुसऱ्या टोकाला नेली. कुणीतरी गंमत म्हणून चालू करत असेल, म्हणून शेडला नवं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. पेट्रोल काढून टाकलं. बॅटरी काढून घरात नेली. शेवटी प्लगही काढला. प्लग नसलेल्या इंजिनात ठिणगी पडायची सोय नसते.

सकाळी शेड उघडली तेव्हा धुकं आत घुसलेलं होतं. बाकीच्या गाड्यांच्या टाक्या दवानं ओल्या, हात लावला तर माठासारख्या गार. ज्ञानेशची गाडी मात्र कोरडी होती. तिच्या आसपास जमिनीवरसुद्धा ओल नव्हती.

शेडमध्ये तापमान मोजायचं यंत्र होतं. ते आणायला ती खणापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आकडा आला असता, तर तो माणसाच्या अंगाचा आहे हे तिला चटकन कळलं असतं. तिनं खण बंद केला.

त्याच दुपारी दादासाहेब आले. हे तिचे चुलते. वडील गेल्यापासून घरातलं थोरलं माणूस तेच. ओट्यावर टेकून त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"हर्षे, येत्या अवसेला आळंदीला उरकून घ्यावं म्हणतो."

"काय उरकायचं काका? तो सापडला नाही अजून."

"सापडला न्हाई म्हणूनच दर्भाचा पुतळा करायचा. त्याला ज्ञानेश म्हणायचं, अग्नी द्यायचा, राख नदीत सोडायची. पाण्यात गेलेल्याचं असंच करत्यात."

"तो पाण्यात गेला हे कुणी ठरवलं?"

"मग कुठं गेला? तू सांग, मी आत्ता गाडी काढतो." त्यांनी उंबऱ्याकडे हात केला. तिथं हर्षालीची आई, पुतळाबाई, दारचौकटीला डोकं लावून बसली होती. "तिच्याकडं बघ जरा. मोटरसायकल वाजली की मान वर. दिवसाला ह्या रस्त्यानं किती गाड्या जात्यात? दर येळी ती एवढीशी जगती अन् पुन्यांदा मरती. एकदा पोटभर रडून मोकळी हू दे तिला."

"आणि पिंकीचं लग्न पण मोकळं होईल, नाही का?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. दादासाहेब चिडले नाहीत.

"व्हय, अडलंय माझ्या लेकीचं. खोटं कशाला बोलू? पण त्याच्यासाठी आलो न्हाई. तुझा भाऊ माझ्या खांद्यावर बसून पोळ्याचे बैल बघायचा, हर्षे. मलाबी हौस न्हाई त्याला जाळायची."

उंबऱ्यावरून आईचा आवाज आला. तो इतका सपाट होता की आधी कोण बोललं ते कळलंच नाही.

"करा भावजी. काय करायचं आसंल ते करून टाका."

३

मग हर्षालीनं नियम मोडला. गरम इंजिनाचीच झाकणं उघडायचं ठरवलं. माप चुकलं तर चुकू दे, आत काय आहे ते तरी दिसेल.

किसन बाजूला उकिडवा बसला. तिनं हेडची झाकणं काढली, इंजिनाच्या डाव्या अंगाची टोपी उघडली, पाना लावून आतलं मॅग्नेटचं चाक हळूहळू फिरवलं आणि खूण खाचेसमोर आणली. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि टॅपेट बोटानं जरासे खुळखुळतात. ते तसेच खुळखुळले. सगळं पुस्तकात असतं तसं.

तिनं फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पाती फटीत सरकवली. जितकी अडायला हवी तितकीच ती अडली.

"बघा, परफेक्ट," किसन म्हणाला. "पोरानं गाडी छान ठेवली होती."

तेवढ्यात पाती घट्ट झाली.

हर्षालीनं ओढून पाहिली. येईना. कुणीतरी दोन बोटांत धरावी तशी पकड होती. मग ती पकड सैल पडली, पाती मोकळी झाली. पुन्हा आवळली. पुन्हा सैल.

"तुमचा हात थरथरतोय, ताई."

तिलाही तसंच वाटलं. स्वतःच्या बोटांतली नाडी लागत असेल. तिनं पाती तशीच फटीत ठेवून हात काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. पाती कुणी न धरता आडवी राहिली. मग फट किंचित उघडली आणि पाती घसरून खालच्या फडक्यावर पडली.

तिनं ती उचलून पुन्हा लावली. धरली गेली. सुटली. पडली.

पाना मॅग्नेटवर तसाच होता, तसूभरही हलला नव्हता. इंजिन फिरत नव्हतं. तरी फट मिटत होती आणि उघडत होती, सावकाश, एकसारखी. कुंपणापलीकडे फोर्जिंगवाल्यांचा हॅमर पडत होता, पण त्याचा ठेका वेगळा. हा ठेका गाढ झोपेतल्या माणसाच्या श्वासाचा होता.

किसनची टवाळी कुठल्या कुठं गेली होती. कुजबुजल्यासारखा तो म्हणाला, "ताई, झाकण लावा."

"का?"

"गारठा आहे. वारं लागेल त्याला."

मग किसन उठला, शेडबाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. हर्षालीनं झाकणं लावली. बोल्ट आवळताना तिच्या लक्षात आलं की आपण फार हळू आवळतोय, झोपमोड होऊ नये अशा बेतानं.

भीती वाटली का? वाटली. त्या दिवसापासून शेडमध्ये एकटीनं पाठ वळवून बसणं तिला जमेना. पण भीतीच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं आणि ते दिवसेंदिवस वाढत होतं. सकाळी कुलूप काढायला ती आता जवळजवळ पळत जायची, तळवा ठेवायची, ऊब लागली की तिचा दिवस सुरू व्हायचा. आईला सांगावं असं रोज वाटे. पण काय सांगणार? तुझा मुलगा मला टॅपेटच्या फटीत सापडलाय?

४

अवसेच्या सकाळी दादासाहेबांनी आईला जीपमध्ये बसवलं. हर्षाली गेली नाही. मला त्यात धरू नका, एवढंच म्हणाली. जीप वळणाआड झाल्यावर तिनं शेड उघडली.

हेड निवत आलं होतं.

तिनं तळवा दाबून ठेवला. आतमध्ये खोल कुठंतरी धुगधुगी होती, बाहेरच्या धातूपर्यंत पोचत नव्हती. झाकण उघडून पाती लावली. पकडली गेली, पण अगदी हलकी, आणि सुटायला वेळ लागला. पुढची पकड येईना. ती श्वास रोखून बसली. आली. मग पुन्हा सगळं स्तब्ध.

जन्मभर तिनं इंजिनं गार होण्याची वाट पाहिली होती. आज ती घरात धावत जाऊन गोधडी घेऊन आली आणि इंजिनाभोवती गुंडाळली. उपयोग होईना. तिकडे दर्भाची जुडी बांधायला घेतली असेल. त्या जुडीला नाव देतील.

"किसनभाऊ!" ती फोनवर ओरडली. "हवेचा पंप आणि पेट्रोल घेऊन या. आहात तसे या!"

तो आला. का, असं त्यानं विचारलं नाही. चाकांत हवा भरली, बॅटरी जोडली, प्लग बसवला. पेट्रोल ओतलं.

"टॅपेट?" त्यानं विचारलं.

"असू दे आहेत तसे."

पहिल्याच किकला गाडी चालू झाली. इतके महिने उभी असलेली गाडी, पण खोकली नाही, फडफडली नाही.

आळंदी रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. दोन ट्रकांच्या मधून, कंपनीच्या बसला घासून हर्षाली गाडी काढत होती. मोशीच्या अलीकडे तिच्या गुडघ्यांना काहीतरी लागलं. तिला वाटलं वारा आहे. मग खाली बघितलं. इंजिनातून गारवा येत होता.

पळतं इंजिन तापतं. जगात कुठंही, कुठल्याही इंजिनाला, एवढं तरी होतंच. ती इथं शिकली होती, ऑस्ट्रियात शिकली होती, आता इतरांना शिकवत होती. आणि हे इंजिन स्फोटामागून स्फोट करत पळत होतं आणि प्रत्येक वळणाला आणखी गार पडत होतं. हेडच्या पट्ट्यांवर दव धरलं. मग टाकीवर. भर उन्हात टाकी पांढुरकी झाली, बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या पेल्यासारखी.

"ज्ञाना, थांब," ती हेल्मेटच्या आत म्हणत होती. "थांब ना रे, आलेच."

५

घाटावर गुरुजी बसले होते. पाटावर, केळीच्या पानावर, दर्भाचा पुतळा आडवा ठेवलेला, हातभर लांब, नव्या धोतराचा तुकडा पांघरलेला. दादासाहेबांच्या हातात पेटता काकडा होता. आई समोर बसली होती. तिचे डोळे कोरडे होते.

हर्षालीनं गाडी थेट पायऱ्यांच्या कडेपर्यंत नेली.

"काका, नका!"

"हर्षे, तमाशा करू नगंस इथं."

"काकडा खाली घ्या. आई, ऊठ. गाडीला हात लाव."

"येड लागलंय पोरीला," दादासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "गुरुजी, तुम्ही चालू द्या."

पण आई उठली होती. गाडी शेडमध्ये आल्यापासून ती त्या बाजूला एकदाही फिरकली नव्हती. आता चालत आली, इंजिनापुढं वाकली आणि गार, ओल्या हेडवर दोन्ही हात ठेवले. हर्षालीला काय काय सांगायचं होतं. ती ऊब, ती पाती, झोपेतला तो ठेका. काहीच सांगावं लागलं नाही. आई एकदम खाली बसली, पदर सोडला आणि इंजिन चोळायला लागली. भिजून आलेलं, हुडहुडी भरलेलं पोर चोळतात तसं, खसाखसा, तळपायांपासून डोक्यापर्यंत.

"किती गारठलाय," ती म्हणत होती. "किती गारठलाय गं ह्यो. आगं हातभार लाव की!"

हर्षाली बसली. दोघी चोळत राहिल्या. घाटावरची माणसं गोळा झाली. कुणी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. काकडा दादासाहेबांच्या हातात जळत होता.

मग आईचे हात थांबले. ती टाकीकडे बघत होती.

टाकीवरच्या दवात एक ठिकाण सुकत चाललं होतं. आधी मधोमध, मग त्यापासून फुटलेले पाच फाटे. तळवा. आईचा नव्हे, तिच्याहून खूप मोठा. करंगळीचं वरचं पेर तेवढं उमटलं नाही. प्रेस शॉपमध्ये कामाला लागला त्या वर्षी ज्ञानेशचं ते पेर गेलं होतं, उजव्या हाताचं.

हर्षालीचं डोकं तेव्हाही चालू होतं. त्याचा दोष नव्हता, त्याला तीच सवय होती. ते म्हणत होतं की ठसा चुकीचा आहे. अंगठा भलत्या बाजूला आहे, हात डावा दिसतोय. तिनं आपला उजवा हात टाकीवर धरून पाहिला. जुळेना. मग तिला कळलं, आणि मानेवरचा केस न् केस उभा राहिला. हात उजवाच होता. फक्त तो बाहेरून टेकलेला नव्हता. बंद खिडकीच्या काचेला पलीकडून कुणी तळवा लावावा, तसा तो आतून लागला होता.

आईनं काही तपासलं नाही. तिनं आपला तळवा त्या तळव्यावर ठेवला, बोटांवर बोटं.

"ऊन हाय," ती म्हणाली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. टाकीवरचं दव ओघळलं, मग सुकलं, आणि त्याबरोबर ठसाही गेला. हेड पुन्हा कोमट होतं. दादासाहेब पायऱ्या चढून आले. त्यांनी काय पाहिलं होतं, ते त्यांनी पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांनी काकडा वाळूत खुपसून विझवला, मागं वळून पाटाजवळ गेले, दर्भाच्या पुतळ्यावरचं धोतर काढलं आणि जुडीची गाठ सोडायला लागले. गाठ पक्की होती. ते दातानं सोडवत होते.

"अहो, संकल्प सोडून झालाय," गुरुजी म्हणाले.

"आसू द्या. माणूस जित्ता हाय."

"आणि पिंकीचं, काका?" हर्षालीनं विचारलं. या वेळी टोमणा नव्हता.

"थांबंल की. भाऊ आल्याबिगर तिच्या मागं उभं कोण ऱ्हाणार?" सुटलेला दर्भ त्यांनी नदीकाठच्या गवतात टाकला, गवत गवतात मिसळून गेलं. "वहिनी, चला. जीपमध्ये बसा."

"न्हाई. मी ह्या गाडीवर येती."

पुतळाबाई आयुष्यात मोटरसायकलवर बसलेली नव्हती. हर्षालीनं गाडी धरून ठेवली. आईनं लुगडं सावरलं, पाय टेकवला आणि चढून बसली, पण सीटच्या पार मागच्या टोकाला, कॅरिअरच्या दांडीला धरून. तिच्या आणि हर्षालीच्या मधे हातभर जागा मोकळी राहिली.

"आवो, पुढं सरका की वहिनी," दादासाहेब ओरडले. "खड्ड्यात पडाल."

"ऱ्हाऊ द्या भावजी," आई म्हणाली. "त्याला दाटी हुईल."

हर्षालीनं मागं वळून बघितलं नाही. तिनं गिअर टाकला आणि सावकाश, अगदी सावकाश क्लच सोडला. मागचे शॉकअप खाली दबले. आईचं वजन ते केवढं, आणि ते दबले खूप.